अंबाडी बसली मोटारीत



अंबाडीची भाजी आणि ज्वारीची भाकर आपण सर्वांनी खाल्ली आहे. पण हीच अंबाडी मोटारीच्या दारात बसते, हे कितीजणांना माहीत आहे? विज्ञानाच्या तासाला गुरुजींनी सांगितलेली आणि घरी आजोबांना विचारलेली माहिती मिळून मी हा लेख लिहिला आहे.

मोटारीत प्लास्टिक कुठे असते? समोरचा डॅशबोर्ड, दाराची आतली बाजू, बंपर, गादीतला फोम, असे पुष्कळ ठिकाणी. मोटारीच्या वजनाचा साधारण दहावा भाग प्लास्टिकचा असतो. प्लास्टिक हलके असल्यामुळे इंधन कमी लागते, हा त्याचा गुण. पण ते खनिज तेलापासून होते आणि गाडी मोडीत निघाली तरी ते कुजत नाही, हा दोष. म्हणून हलके पण शेतात उगवणारे काही मिळते का, याचा शोध सुरू झाला.

आपली अंबाडी परदेशात ‘केनाफ’ या नावाने ओळखतात. पूर्वी हिंगोली, सेनगाव, कळमनुरी भागात ज्वारी-तुरीच्या रानात किंवा धुऱ्याच्या कडेने अंबाडीचे एक-दोन तास असायचेच. फुलावर आली की कापायची, पेंढ्या बांधून दहा-पंधरा दिवस पाण्यात भिजत घालायच्या. साल कुजून सुटली की धुऊन वाख काढायचा. मग ढेऱ्यावर पीळ देऊन कासरा, दावे, चऱ्हाट वळायचे. पुढे नायलॉनचे दोर आले आणि अंबाडी मागे पडली. आमचे आजोबा म्हणतात, “नायलॉनचा कासरा बैलानं वढला की हात कापतोय. अंबाडीचा तसा कापत न्हाई.”

आम्ही शाळेच्या बागेत एक प्रयोग केला. मृगाच्या सुमारास अंबाडीच्या सुतळीचा आणि नायलॉनच्या दोरीचा एकेक तुकडा मातीत पुरला. दसऱ्याला उकरून पाहिले. सुतळी बोटात धरताच तुटली, तिची माती होत आली होती. नायलॉन होते तसेच होते! तेव्हा वर्गातल्या एका मुलीने विचारले, “जे कुजते, ते मोटारीत कसे टिकेल?”

प्रश्न बरोबर आहे. त्याचे उत्तर आपल्या मातीच्या भिंतीत आहे. नुसत्या मातीला तडे जातात, म्हणून गाऱ्यात भुसकट घालतात. तसेच वाखाचे तंतू आणि प्लास्टिकचे तंतू एकत्र करून जाड चटई करतात. ती तापवून साच्यात दाबली की दाराच्या आकाराचा कडक पत्रा तयार होतो. तंतू प्लास्टिकने धरलेले राहतात आणि आतल्या बाजूला पाऊस लागत नाही, म्हणून ते टिकतात. जपानच्या टोयोटा कंपनीने दाराच्या आतल्या भागासाठी केनाफ वापरला. जर्मनीच्या बीएमडब्ल्यू कंपनीने २०१३ साली आणलेल्या ‘आय-३’ या विजेच्या मोटारीत तर केनाफचे तंतू डोळ्यांना दिसतात. म्हणजे प्लास्टिक पूर्ण गेले नाही, पण कमी झाले.

आपले सोयाबीनही यात आहे. १९४१ साली अमेरिकेत हेन्री फोर्ड यांनी शेतमालाचे प्लास्टिक वापरून केलेली एक मोटार लोकांना दाखवली. लोक तिला सोयाबीनची मोटार म्हणत. पुढे २००८ च्या मस्टँग मोटारीपासून फोर्ड कंपनीने गादीच्या फोममध्ये खनिज तेलाऐवजी काही भाग सोयाबीनच्या तेलाचा वापरला.

याचा अर्थ उद्या कारखानदार आपल्या दारात येईल असा नाही. कारखान्याला एकसारखा, स्वच्छ आणि भरपूर वाख लागतो. शिवाय पेंढ्या भिजवल्या की पाण्याला वास सुटतो. म्हणून पिण्याच्या पाण्यापासून दूर वेगळा खड्डा करावा लागतो.

पण पालकहो, बी मोडले की पीक मोडले. यंदा धुऱ्याला अंबाडीचे एक तास पेरा आणि थोडे बी राखून ठेवा. भाजी मिळेल, पोळ्याला बैलांना घरचे दावे मिळेल. आणि पुढे कधी मागणी आलीच, तर आपल्या गावाला ‘आमच्याकडे बी आहे’ असे म्हणता येईल.

— इयत्ता ७ वी, जि. प. प्राथमिक शाळा