जुन्या वाद्यास नवें कोठार



घरांतील पेटीचा भाता फाटला म्हणजे कोणी शहाणा मनुष्य पेटी अडगळींत टाकीत नाहीं. तो नवा भाता बसवून घेतो. सूर जुनेच राहतात आणि पेटी पुन्हां पूर्ववत् वाजूं लागते. विजेवर चालणाऱ्या सँपलर नांवाच्या वाद्यासही हाच न्याय कसा लागू पडतो, तें प्रस्तुत लेखांत आम्ही सांगणार आहों.

प्रथम सँपलर म्हणजे काय तें पाहूं. सतार किंवा बांसरी आपला आवाज स्वतः उत्पन्न करते. सँपलर तसें करीत नाहीं. बाहेरील कोणताही आवाज मायक्रोफोनाच्या द्वारें घेऊन तें त्याचें अंकांत रूपांतर करितें, ते अंक स्मृतींत ठेवितें, आणि पट्टी दाबतांच तोच आवाज हव्या त्या स्वरांत ऐकवितें. ऑस्ट्रेलियांतील सिडनी शहरीं पीटर व्होगेल व किम रायरी यांनीं १९७९ सालीं ‘फेअरलाइट’ हें यंत्र पुढें आणलें. त्याची किंमत सामान्य संगीतकाराच्या आवाक्याबाहेरची होती. अमेरिकेंतील ई-म्यू कंपनीनें १९८१ सालीं ‘इम्युलेटर’, व एन्सोनिक कंपनीनें १९८४ सालीं ‘मिराज’ काढल्यावर हें वाद्य हळूहळू स्वस्त होत गेलें. पुढें जपानांतील अकाई कंपनीचें ‘एस १०००’ हें यंत्र १९८८ सालीं आलें. तें दर सेकंदास ४४,१०० वेळां आवाजाचें माप घेई, व प्रत्येक माप १६ बिटांत, म्हणजे ६५,५३६ पायऱ्यांपैकीं एका पायरीवर, मांडी. हींच मापें आपल्या परिचयाच्या संगीताच्या सीडींतही असतात.

आतां थोडें गणित करूं. १६ बिट म्हणजे २ बाइट. तेव्हां एका सेकंदाच्या आवाजास ४४,१०० गुणिले २, म्हणजे ८८,२०० बाइट लागतात. उपरिनिर्दिष्ट यंत्राच्या एका फ्लॉपी चकतीवर १६,३८,४०० बाइट मावतात. भागाकार केल्यास उत्तर सुमारें साडेअठरा सेकंद येतें. एवढ्या थोड्या अवकाशांत त्या काळच्या वादकांनीं आपलें भांडार बसविलें, हें लक्षांत ठेवण्यासारखें आहे.

या यंत्राची स्मृति विजेच्या आधारानें टिकते. वीज बंद होतांच ती कोरी होते. म्हणून प्रत्येक वेळीं वाद्य सुरू केल्यावर आवाज चकतीवरून पुन्हां भरावे लागतात. ‘मिराज’सारख्या यंत्रांस तर स्वतःचें काम कसें करावें याच्या सूचनाही चकतीवरूनच वाचाव्या लागतात, चकती नसेल तर तें यंत्र मुकें! सबब वाद्याचा दुबळा अवयव कोणता, तर चकती व ती फिरविणारें यंत्र. चकतीवरील चुंबकीय लेप कालांतरानें सुटूं लागतो, दमट हवेंत तीवर बुरशी धरते, आणि फिरविणाऱ्या यंत्राचें वंगण वाळतें. शिवाय सोनी कंपनीनें २०११ च्या मार्च महिन्यांत या चकत्यांची विक्री थांबविल्यापासून नव्या चकत्या मिळणें दुर्घट झालें आहे.

येथें आमच्या हातून घडलेली एक चूक सांगणें आम्ही आमचें कर्तव्य समजतों. आमच्या एका माजी विद्यार्थ्याच्या वडिलांजवळ असें एक वाद्य होतें. त्यांनीं आपल्या आईच्या जात्यावरील ओव्या त्यांत घेतल्या होत्या. एका चकतीवर सर्व ओव्या मावेनात, म्हणून त्यांनीं त्या दोन चकत्यांवर विभागल्या. आई पुढें निवर्तल्या. वाद्य अनेक वर्षें कपाटांत पडून राहिलें. तें दुरुस्त करावें म्हणून तो विद्यार्थी आमच्याकडे आला, आणि आम्हीं उत्साहाच्या भरांत पहिली चकती तशीच आंत सारली. चकतीवर बुरशी आहे किंवा नाहीं हें पाहिलें नाहीं, वाचणारें टोंक पुसलें नाहीं. खरखर असा आवाज आला. चकती बाहेर काढून तिचें धातूचें झांकण सरकवून पाहतों, तों लेपावर वर्तुळाकार ओरखडा! त्या चकतीवरील एक शब्दही पुढें वाचतां आला नाहीं. मग मात्र आम्ही थांबलों. दुसरी चकती सावकाश स्वच्छ केली, निराळ्या साधनानें तिची नक्कल घेतली, आणि ती साधली. आज त्या घरांत ओव्यांचा उत्तरार्ध ऐकूं येतो. पूर्वार्ध आमच्या घाईनें गेला. त्या गृहस्थांनीं आम्हांस एका शब्दानेंही दोष दिला नाहीं, म्हणून तर तो अधिक लागतो.

यावरून पहिला नियम निघतो: यंत्रास हात लावण्यापूर्वीं चकत्यांवरील मजकुराची नक्कल करावी. अनेक सँपलरांच्या चकत्यांची मांडणी घरगुती संगणकाच्या चकत्यांहून निराळी असते. अशी चकती संगणकांत घातल्यास संगणक ती कोरी समजून ‘नव्यानें आंखूं काय?’ असें विचारतो. त्यास कदापि होकार देऊं नये. दिल्यास सर्व पुसलें जाईल. ‘ग्रीसवीझल’ नांवाचें एक लहान साधन मिळतें. तें चकतीवरील चुंबकीय बदलांचा काळ मोजून त्यावरून जशीच्या तशी नक्कल उतरवितें. चकतीच्या अशा संपूर्ण नकलेस ‘प्रतिमा’ म्हणतात.

नक्कल हातीं आल्यावर कोठार बदलावें. याचे दोन मार्ग आहेत. ज्या वाद्यांत केवळ फ्लॉपी आहे, त्यांत जुन्या यंत्राच्या जागीं ‘गोटेक’ या नांवाची पेटी बसवितात. तिजमध्यें फिरणारा एकही भाग नसतो. तिच्या तोंडाशीं पेनड्राइव्ह लावावयाचा. त्यांत शेंकडों चकत्यांच्या प्रतिमा राहतात, आणि बटन दाबून हवी ती निवडतां येते. वाद्य जेव्हां ‘अमुक भाग वाच’ अशी आज्ञा करितें, तेव्हां ही पेटी खरी चकती फिरत असल्याप्रमाणें उत्तर देते. तिला हें शिकविणारी ‘फ्लॅशफ्लॉपी’ ही आज्ञावली कीर फ्रेझर यांनीं लिहिली असून ती सर्वांस मोफत खुली आहे. बसवितांना ३४ तारांच्या चपट्या पट्टीची रंगीत कड पहिल्या खुंटीकडे आहे ना, हें पाहावें. कांहीं सँपलर शेवटच्या तारेवर ‘तयार’ अशी खूण मागतात, तर संगणकाच्या पद्धतीच्या यंत्रांत तीच तार ‘चकती बदलली’ असें सांगते. ही गोष्ट आज्ञावलींत नीट न नेमल्यास वाद्य चकती नाहींच असें म्हणत बसतें.

दुसरा मार्ग स्कझी जोडणी असलेल्या वाद्यांचा. स्कझी ही मोठीं कोठारें जोडण्याची पद्धति असून १९८६ सालीं अमेरिकेंत तिचें प्रमाण ठरलें. अशा वाद्यास ‘स्कझी-टू-एसडी’, ‘ब्लूस्कझी’ किंवा ‘झुलूस्कझी’ यांपैकीं एक फलक जोडून त्यांत एसडी कार्ड घालतां येतें. प्रत्येक उपकरणास ० ते ७ पैकीं निराळा क्रमांक हवा, आणि साखळीच्या दोन्ही टोंकांस, व टोंकांसच, विराम देणारे रोधक हवेत. हे दोन नियम मोडल्यामुळेंच बहुतेक जोडण्या फसतात. शिवाय जुनें वाद्य आपल्या काळापलीकडचें पाहूं शकत नाहीं. ‘एस १०००’ च्या मांडणींत एक विभाग ६० मेगाबाइटांहून मोठा होत नाहीं. त्यांत अवाढव्य कार्ड घातलें तरी तें तेवढ्याच कप्प्यांनीं वापरावें लागतें.

या नव्या कोठाराकडून कशाची अपेक्षा करूं नये, तेंही सांगितलें पाहिजे. फ्लॉपीच्या जागीं बसविलेली पेटी वेग वाढवीत नाहीं. चकती मिनिटास ३०० फेरे घेते, म्हणजे एका फेऱ्यास एक पंचमांश सेकंद. दोन्ही बाजू मिळून १६० वर्तुळें असल्यानें संपूर्ण चकती वाचण्यास निदान ३२ सेकंद हवेत. पेटी त्याच चालीनें चालते, कारण वाद्यास तीच चाल समजते. तसेंच वाद्याचा आवाजही बदलत नाहीं. आवाजाचा स्वभाव मापें घेणाऱ्या व परत ध्वनींत आणणाऱ्या भागांवर अवलंबून असतो, कोठारावर नव्हे. भाता बदलला, सूर तेच राहिले.

दोन सूचना करून लेख संपवितों. वाद्याचें झांकण उघडण्यापूर्वीं विजेची दोरी भिंतींतून काढावी, व वीजपुरवठ्याच्या भागास मुलांनीं हात लावूं नये. त्यांतील कपॅसिटर दोरी काढल्यावरही कांहीं वेळ झटका देऊं शकतात. दुसरें असें कीं, पेनड्राइव्ह व कार्ड हींही अमर नाहींत. त्यांतील सूक्ष्म कप्पे लिहून लिहून झिजतात. म्हणून प्रत्येक प्रतिमेच्या दोन नकला दोन ठिकाणीं ठेवाव्या.

पालकांस आमची विनंती आहे कीं, घरांत जुन्या चकत्या असतील तर त्या कोरड्या जागीं, ध्वनिक्षेपकाच्या चुंबकापासून दूर ठेवाव्या, आणि त्यांवर काय आहे तें आठवतें तोंवर कागदावर लिहून ठेवावें. विद्यार्थ्यांनीं पुढील उदाहरण सोडवावें: ‘एस १०००’ ची मूळ स्मृति २०,९७,१५२ बाइटांची होती, तींत किती सेकंदांचा आवाज मावे? उत्तर काढल्यावर तितकेच सेकंद डोळे मिटून आपल्या आजीचें बोलणें ऐकावें, म्हणजे तो अवकाश किती थोडा व किती मोलाचा, हें आपोआप कळेल.