खाते बाईच्या नावाचे, पैसा कोणाच्या हाती?

ठेवी घेणे आणि कर्जे देणे, एवढ्यात अर्थशास्त्राचे पाठ्यपुस्तक बँकेचे कार्य सांगून मोकळे होते. ठेव कोणाची आणि कर्ज कोणाच्या हाती पडते, हा प्रश्न त्यात येत नाही. विश्रामबागेत हा विषय शिकताना मला तोच महत्त्वाचा वाटला. कारण त्याचे एक उत्तर शेजारच्या सातारा जिल्ह्यात, दुष्काळी माण तालुक्यात मिळते.

म्हसवडला लोहारकाम करणाऱ्या एका बाईला पावसाळ्यापूर्वी छपरासाठी प्लॅस्टिकचा कागद घ्यायचा होता. त्यासाठी रोज चार पैसे बाजूला टाकायची तिची तयारी होती. पण इतक्या लहान रकमेचे खाते बँका उघडेनात. तिची मागणी कर्जाची नव्हती, स्वतःचीच बचत सुरक्षित राहावी एवढीच होती. चेतना गाला सिन्हा व तेथील स्त्रियांनी मग स्वतःचीच बँक काढायचे ठरविले. प्रवर्तक स्त्रिया निरक्षर म्हणून रिझर्व्ह बँकेने प्रथम परवाना नाकारला. स्त्रिया लिहावाचायला शिकल्या, पुन्हा गेल्या आणि कोणत्याही रकमेचे व्याज तोंडी काढून दाखविण्याची तयारी त्यांनी दर्शविली. १९९७ साली माणदेशी महिला सहकारी बँक सुरू झाली. बँकेची माणसे दारी येऊन ठेव नेतात, त्यामुळे बाईची मजुरी बुडत नाही.

आपल्याकडील भिशीही बचतच शिकविते. पण ती बुडाली तर दाद कोठे मागणार?

मात्र कर्ज मिळाले की कल्याण झाले, असे समीकरण मांडता येत नाही. हैदराबादेतील लघुकर्जांवरील अभिजित बॅनर्जी, एस्थर दुफ्लो प्रभृतींचा अभ्यास २०१५ साली प्रसिद्ध झाला. काही धंदे वाढले. परंतु घरातील निर्णयांत स्त्रीचे स्थान किंवा मुलांचे शिक्षण यांत ठळक फरक आढळला नाही. उलट केनियातील बाजारात विक्री करणाऱ्या स्त्रियांना केवळ बचतखाते मिळाले, तेव्हा त्यावर व्याज नसतानाही त्यांनी धंद्यात अधिक भांडवल घातले, असे २०१३ सालच्या अभ्यासात दिसते.

याचा अर्थ असा, की हातातला पैसा घरखर्चाला, पाहुण्याला, नवऱ्याच्या मागणीला पुरा पडून संपण्याआधी त्याला बाईची स्वतःची जागा मिळणे, हा पहिला लाभ होय. कर्ज त्यानंतरचे.

२०१४ पासूनच्या जनधन योजनेच्या खातेदारांत निम्म्याहून अधिक स्त्रिया आहेत. संख्या समाधानकारक आहे. तथापि पासबुक कोणाजवळ असते आणि पैसे काढायचे कोण ठरवितो, हे दोन प्रश्न वाचकांनी आपापल्या घरी विचारावेत. खऱ्या प्रगतीचे माप त्या उत्तरांत आहे, असे माझे मत आहे.