औषधजन्य पॉर्फिरिन-संचय आणि अँटिऑक्सिडंट द्रव्ये

भोसरी, पिंपरी, चाकण या पट्ट्यात चिकित्सा करणाऱ्या वैद्यास दद्रूचे रुग्ण नवे नाहीत. बंद बूट, घाम आणि पाळीचे काम यांमुळे विकार पुन्हा पुन्हा उलटतो. रुग्ण आपल्याकडे येतो तो कित्येकदा बुरशीनाशक गोळ्या घेऊनच. त्यांपैकी ग्रिसिओफल्विन हे जुने औषध. पिंपरीच्या हिंदुस्थान अँटिबायोटिक्समध्ये १९५५ पासून ज्या बुरशीपासून पेनिसिलिन निघू लागले, तिच्याच कुळातील बुरशीपासून ते मिळते.

उंदरांना आहारात २.५ टक्के ग्रिसिओफल्विन महिनोन्महिने दिले असता यकृत मोठे व काळपट होते आणि अतिनील प्रकाशात लाल चमकते. हीम तयार होण्याच्या शेवटच्या पायरीवर फेरोकिलेटेज हे विकर प्रोटोपॉर्फिरिनमध्ये लोह बसवते. या औषधामुळे हीमपासूनच एन-मिथिल प्रोटोपॉर्फिरिन उत्पन्न होऊन त्या विकरास रोध होतो. हीम कमी पडल्याने आरंभीचे विकर अधिकच वेग घेते. पुढे बांध आणि मागून लोंढा, अशी ही अवस्था होय.

येथे आमलकी, गुडूची, हरिद्रा ही अँटिऑक्सिडंट द्रव्ये आपल्याला साहजिकच सुचतात. ऑक्सिडीकरणाने होणारी पेशींची हानी कमी करण्यास त्यांचा उपयोग संभवतो. बांध मात्र त्यांनी हटत नाही. म्हणून हानी कमी दिसली तरी संचयही घटला असे आपण मानू नये. दोन्ही स्वतंत्रपणे मोजावे लागतात. निदानपरिवर्जन, म्हणजे येथे ते औषध बंद होणे, हाच प्रथमोपचार.

उंदरावरून थेट मनुष्याविषयी अनुमान करणेही योग्य नव्हे. २५ ग्रॅमचा उंदीर दिवसाला सुमारे ४ ग्रॅम अन्न खातो, म्हणजे त्याच्या पोटात १०० मिलिग्रॅम औषध जाते. ५० किलोच्या रुग्णाची ५०० मिलिग्रॅमची मात्रा पाहता, वजनाच्या मानाने हे प्रमाण ४०० पट भरते. शिवाय उंदीर क जीवनसत्त्व स्वतःच्या यकृतात बनवतो, मनुष्य बनवू शकत नाही.

परंतु आनुवंशिक तीव्र पॉर्फिरिया असलेल्या मनुष्यास ग्रिसिओफल्विन, सल्फा किंवा बार्बिट्युरेट यांची नेहमीची मात्राही घातक ठरू शकते. तीव्र उदरशूल, मलावरोध, ठेवल्यावर गडद होणारे मूत्र, हातापायांची दुर्बलता. आणि पोट तपासावे तर विशेष काही आढळत नाही. हा आमजन्य शूल समजून आपण लंघन दिले, तर उपवासाने तेच आरंभीचे विकर वाढून वेग बळावतो. अशा रुग्णास लंघन देऊ नये. त्वरित रुग्णालयात पाठवावे.

असाच शूल शिसेबाधेतही होतो, कारण शिसे याच मार्गातील दोन विकरांना रोधते. म्हणून बॅटरीचे वा झाळकामाचे काम करणाऱ्यास व्यवसाय आवर्जून विचारावा. वेदना चालू असतानाच मूत्रातील पॉर्फोबिलिनोजेन तपासावे आणि नमुना प्रकाशापासून झाकून पाठवावा. शिसेबाधेत ही तपासणी बहुधा सामान्य येते. तेथे रक्तातील शिसे मोजावे लागते.