लक्ष्मीबाई टिळकांचा विनोद आणि शहाणपण

(अभ्यासपाठ. वाचन : मत्तय ७:१-५)

अमेरिकेत हॅरिएट बीचर स्टो ह्या पाळकाच्या कन्येने १८५२ साली ‘अंकल टॉम्स केबिन’ ही कादंबरी प्रसिद्ध केली, आणि गुलामांचे दुःख तेथील घरोघरी जाऊन पोहोचले. आपल्या मराठी मंडळीतही लेखणीने अंतःकरणे हलविणारी एक भगिनी होऊन गेली. तिने कल्पित कथेऐवजी स्वतःचेच आयुष्य सांगितले. ती लक्ष्मीबाई टिळक (१८६८-१९३६), आणि तो ग्रंथ ‘स्मृतिचित्रे’.

त्यांचा जन्म नाशिकजवळ जलालपूर येथे झाला. शाळा त्यांस लाभली नाही. अक्षरओळख झाली ती लग्नानंतर. वडिलांचे सोवळे इतके कडक की बाहेरून आणलेली वस्तू धुतल्यावाचून घरात येत नसे. ह्या जाचाची हकीकत वाचताना प्रथम हसू येते, मग त्या घरातील बायकामुलांची कीव येते. परंतु बापाविषयी कडवटपणाचा शब्द त्या लिहीत नाहीत.

पुढे १८९५ साली त्यांचे पती नारायण वामन टिळक ह्यांचा बाप्तिस्मा झाला. लक्ष्मीबाई कित्येक वर्षे त्यांच्यापासून दूर राहिल्या. नंतर नगरास आल्या, तरी आपली चूल आणि आपले पाणी त्यांनी निराळेच ठेवले. येथे त्यांच्या विनोदाचे मर्म कळते. बापाच्या सोवळ्यास त्या जशा हसल्या, तशाच स्वतःच्या सोवळ्यासही हसल्या. शेवटी त्यांनी साधा विचार केला : पशुपक्ष्यांच्या जाती देवाने निराळ्या घडविल्या, त्या दिसतात, मनुष्यांत तशी खूण कोठे आहे? मग हा भेद मनुष्यानेच केला असला पाहिजे. १९०० साली त्यांनी बाप्तिस्मा घेतला. टिळक १९१९ साली वारले, तेव्हा त्यांचे अपुरे राहिलेले ‘ख्रिस्तायन’ त्यांनीच पुरे केले.

आता आपल्याकडे पाहू. अंकुशनगरच्या कारखान्याच्या हंगामात गावोगावचे ऊसतोडकरी येतात. त्यांतील एखादा आपल्या दाराशी पाणी मागतो, तेव्हा हंडा पुढे करण्याआधी त्याचे आडनाव विचारावेसे वाटते काय? हिंदूंच्या सोवळ्यावर उपदेश करणे सोपे आहे. आपल्याच मंडळीत कोण कोणाच्या घरी जेवत नाही, हे मोजू लागलो की जीभ अडखळते. मी स्वतः पाळक असून अनेकदा अडखळलो आहे. दुसऱ्याचा दोष हसून दाखविणारा मनुष्य शत्रू जोडतो. आपला दोष हसून कबूल करणाऱ्याचे बोलणे मात्र शेजारी कान देऊन ऐकतो.

मंडळीत विचारावयाचे प्रश्न :

१. आपल्या घरी कोणते सोवळे अजून उरले आहे?

२. आपण कोणाच्या घरचे पाणी टाळतो, आणि त्यास कारण काय सांगतो?

३. वाचता न येणाऱ्या भगिनींना ‘स्मृतिचित्रे’तील प्रकरणे संध्याकाळी कोण वाचून दाखवील?

तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर म्हणून नाव ठरवूनच सभा उठावी.