जुन्या साडीची क्विल्टेड बंडी: मशीन सुरू करण्याआधीचा हिशोब

व्हिडिओत जुन्या सुती साडीपासून थंडीची बंडी शिवून दाखवली. त्यात कात्री दिसली, मशीन दिसलं, पैसा मात्र दिसला नाही. तो इथे बघू. "साडी तर शंभरात मिळाली, बाकी सगळा नफाच" असं म्हणून सुरू केलेलं काम पहिल्याच हिवाळ्यात बंद पडू शकतं.

बरेच जण विचारतात, जुने स्वेटर का नाही? सुरुवातीला नकोच. विणलेलं कापड कापलं की उसवतं, ओव्हरलॉक लागतं. शिवाय बाजारातले बहुतेक स्वेटर ॲक्रेलिकचे. एक धागा काढून जपून जाळून बघा: खरी लोकर केस जळाल्यासारखी वासते आणि राख चुरगळते, ॲक्रेलिक वितळून कडक गोळी होते. खरी लोकर मिळालीच तर गरम पाण्यात धुऊन, घट्ट करून टोप्या शिवा. घट्ट झालेली लोकर उसवत नाही.

आणि पांघरुणाच्या नादी लागू नका. पानिपतला जुन्या लोकरी कपड्यांचा पुन्हा धागा करून ब्लँकेट बनवतात. त्या भावात आपली गोधडी बसत नाही. अंगात घालायच्या कपड्याला गिऱ्हाईक वेगळे पैसे देतं.

साड्या भांडेवाल्या मावशींकडे मिळतात, पुण्यात असाल तर रविवारी किंवा बुधवारी जुन्या बाजारात. प्रत्येक साडी उजेडासमोर धरा. विरलेली जागा लगेच दिसते. मग दोन्ही हातांनी ताणा, चर्र आवाज आला की सोडून द्या. एवढं बघूनही धुतल्यावर काही साड्या बाद होतातच, आणि हिशोब तिथेच चुकतो.

समजा शंभरच्या दहा साड्या आणल्या, तीन बाद झाल्या. हजार रुपये उरलेल्या सातांवर पडले. एका साडीतून दोन बंड्यांचा वरचा भाग निघतो असं धरा, म्हणजे चौदा बंड्या. एका बंडीचं कापड झालं साधारण ७२ रुपये, पन्नास नाही. फायबर शीट ६०, अस्तर ७०, बटणं-पायपिन-दोरा-वीज ५०. बेरीज २५२.

आता तुमचे चार तास. तासाला ८० धरले तर ३२०. एकूण ५७२.

हे चार तास न धरता बंडी ४५० ला विकली, तर हातात १९८ राहतात. तासाला पन्नाससुद्धा नाही! दुसऱ्याकडे शिवायला गेलात तर जास्त मिळतील. "घरचंच काम आहे" हे वाक्य डोक्यातून काढा, विशेषतः ताई लोकांनी.

दुकानात ठेवायला दिली आणि दुकानदाराने ३० टक्के घेतले, तर ९०० च्या बंडीमागे तुम्हाला ६३० मिळतात. खर्च वजा जाता ५८. खाली किंमत लावायला जागाच नाही. वाढवायची जागा आहे ती वेळेत. एकेक बंडी शिवू नका. आधी सगळ्या साड्या धुवा, मग वरचं कापड, शीट आणि अस्तर एकत्र ठेवून दोन-दोन इंचांवर टिपा मारा, आणि त्यानंतरच बंडीचे भाग कापा. टिपा मारल्यावर कापड आत येतं. आधी कापलं तर माप लहान होतं आणि तो तुकडा वायाच. असं गठ्ठ्याने काम करून चाराचे तीन तास झाले, तर तेच ८० रुपये सुटले.

जुनं कापड आहे हे गिऱ्हाइकाला स्वतःहून सांगा, टॅगवर लिहा. लपवलं आणि नंतर कळलं तर ते गिऱ्हाईक परत येत नाही. सांगितलं तर "अशी दुसरी मिळणार नाही" म्हणून तेच घेतं.

माल दिवाळीआधी तयार हवा. नाशिक-पुण्याकडे थंडी पडल्यावर शिवायला बसलात, तर संक्रांत होईपर्यंत निम्म्या बंड्या कपाटातच राहतील. म्हणून साड्या गणपतीच्या आधी आणून धुऊन ठेवा. पावसात वाळायला वेळ लागतो, तेवढे दिवस धरूनच आणा.