कीबोर्ड मराठी, तारीख अमेरिकन

कॉम्प्युटरवर मराठी नीट दिसत नाही किंवा तारीख उलटी पडते म्हटलं, की आपण इंजिनीअरिंगवाले लगेच "फॉरमॅट मारू या" म्हणून मोकळे होतो. जरा थांबा. आधी दुखणं ओळखा.

अक्षरांच्या जागी चौकोन दिसले, तर त्या फॉन्टमध्ये देवनागरी नाही. अक्षरं दिसतात पण पहिली वेलांटी व्यंजनाच्या पुढे जाऊन बसते, जोडाक्षरं फुटतात, तर अक्षरं जुळवणारी यंत्रणा चालत नाही. विंडोज एक्सपीत ती वेगळी टाकावी लागे (आणि नेमकी तेव्हाच सीडी सापडत नसे!). व्हिस्टापासून ती आधीच असते. रोमन अक्षरांचा नुसता कचरा दिसला, तर मजकूर जुन्या, युनिकोड नसलेल्या फॉन्टमधला. त्या फॉन्टमध्ये इंग्रजी अक्षरांच्या जागी देवनागरीचे आकार बसवलेले असतात. अशा वेळी 'नॉन-युनिकोड प्रोग्रॅम्स'च्या सेटिंगशी खेळून उपयोग नाही, कारण विंडोजमध्ये देवनागरीला जुनं कोड पेजच नाही. तोच फॉन्ट मिळवा, नाहीतर कन्व्हर्टर वापरा.

ही दुखणी निदान दिसतात तरी. तारखेचं दुखणं दिसत नाही, म्हणून ते जास्त वाईट.

टिटवाळा स्टेशनजवळ फॉर्म भरून देणारं एक दुकान आहे. तिथल्या काकांनी एका शाळेतल्या मुलांच्या जन्मतारखा एक्सेलमध्ये भरल्या होत्या. मला म्हणाले, "बघ रे, काही तारखा डावीकडे चिकटल्यात, काही उजवीकडे. तेवढं अलाइनमेंट सरळ करून दे."

मी म्हटलं, "काका, अलाइनमेंटला हात लावू नका, तोच आपला पुरावा आहे!"

मशीनवर कीबोर्ड मराठी होता, देशही भारत होता, पण 'रीजनल फॉरमॅट' मात्र इंग्लिश (युनायटेड स्टेट्स). ही तिन्ही सेटिंग्ज स्वतंत्र असतात. अमेरिकेत आधी महिना. त्यामुळे 25/07/2012 मधला पंचविसावा महिना एक्सेलला कळेना, त्याने ते साधा मजकूर म्हणून डावीकडे ठेवलं. 05/07/2012 मात्र बिनतक्रार स्वीकारून 7 मे केलं आणि उजवीकडे ठेवलं. म्हणजे डावीकडच्या तारखा शाबूत, आणि शहाण्यासारख्या दिसणाऱ्या उजवीकडच्याच बिघडलेल्या! फक्त 07/07 सारख्या सुटल्या.

आता सेटिंग बदललं की झालं, असं वाटेल. नाही. एक्सेल तारीख आकड्यात साठवतं. 5 जुलै 2012 म्हणजे 41095, पण साठवला गेला 7 मेचा 41036. सेटिंग बदलल्यावर तोच आकडा 07-05-2012 असा दिसतो, म्हणजे चूक आता भारतीय वेशात. आणि फॉर्मवर एकदा चुकीची जन्मतारीख गेली, की त्या पोराला दाखल्यांसाठी खेटे घालावे लागणार.

म्हणून आधी उजवीकडच्या ओळींना रंग दिला. मग सेटिंग्जमध्ये टाइम अँड लँग्वेज, तिथे रीजनल फॉरमॅट इंग्लिश (इंडिया) केला. (बोनस म्हणजे 1,234,567 चं 12,34,567 होतं.) एक्सेल बंद करून पुन्हा उघडलं. डावीकडच्या प्रत्येक तारखेवर एफ-2 आणि एंटर मारलं, की ती खरी तारीख होऊन उजवीकडे सरकते. रंगवलेल्या ओळी मात्र शाळेच्या रजिस्टरवरून हातानेच. काका वाचत गेले, मी टाइप करत गेलो. त्यात माझी 7:40 ची लोकल गेली.