सरकत्या खोलीचे लॉक : कारागिरांनी काय पाहावे?

मोटरहोम म्हणजे चाकांवरचे घर. उभ्या गाडीची एक बाजू आगपेटीच्या खणासारखी बाहेर सरकते आणि आत बसण्या-झोपण्यास जागा होते. तिला स्लाइड-आऊट म्हणतात. १९९० च्या दशकात अमेरिकेत अशा गाड्यांचा प्रसार झाला. २०२१ साली महाराष्ट्र शासनाने कॅराव्हॅन पर्यटनाचे धोरण जाहीर केले. बॉडी बांधणाऱ्या, वेल्डिंग व वायरिंग करणाऱ्या आपल्या कारागीर बंधूंनी हे काम समजून घ्यावे, असे आम्हांस वाटते.

धावत्या गाडीतून हा खण चार बोटे जरी बाहेर आला तरी शेजारून जाणाऱ्या दुचाकीवाल्याचा जीव धोक्यात येतो. तो रोखण्यासाठी विजेच्या स्लाइडमध्ये मोटरीचा ब्रेक असतो. त्याशिवाय बऱ्याच गाड्यांत आतून प्रवासाचा दांडा लावतात. हायड्रॉलिक स्लाइडला तेलाचा दाब धरून ठेवतो.

देखभाल अशी करावी :

१. गाडी सपाट जागी उभी करावी. यंत्रात हात घालण्यापूर्वी बॅटरीची तार सोडावी.

२. दांड्याचे आटे झिजले आहेत का, कड्यांना गंज आहे का, हे पाहून सैल बोल्ट आवळावेत.

३. दातांची पट्टी ब्रशने साफ करावी. उघड्या पट्टीवर जाड ग्रीस फासू नये. त्यात धूळ बसली की ती कानशीसारखी दात खाते. कंपनीने सांगितलेले सुके वंगणच मारावे.

४. खण हाताने आत घेतला असेल तर मोटरीचा सोडलेला ब्रेक पुन्हा लावावा. ही चूक सर्रास होते.

५. खण बंद असताना वरची व खालची फट सारखी हवी. नसल्यास दांडा जोराने आवळून ती झाकू नये. आधी खण सरळ करावा.

६. १२ व्होल्टची बॅटरी उतरलेली असताना बटण दाबत राहू नये. मोटर व तारा तापतात.

आमच्याकडे आलेल्या एका गाडीत चालकाने दांडा न काढताच बटण दाबले होते. दांडा शाबूत राहिला, पण चौकट फुटली आणि दातांची पट्टी वाकली. लॉक मजबूत होते, सांगणारा कोणी नव्हता. तेव्हापासून आम्ही बटणाशेजारी ‘आधी दांडा काढा’ अशी लाल पट्टी चिकटवतो. तिला खर्च जवळजवळ नाही.

गाडी देताना मालकाच्या हातून दांडा एकदा लावून व काढून घ्यावा, आणि तपासणीची तारीख वहीत टिपावी. ‘चालून जाईल’ म्हणून सोडलेला एक सैल बोल्ट वर्षांची पत घालवतो. जपून केलेले काम मात्र गिऱ्हाईक पुन्हा दारी आणते.